वाळीत कुणी कुणाला टाकलं

निंबा आप्पा पहिल्यांदा आमच्या दारात आले ते मला वाळीत टाकायला.

रविवारची सकाळ होती. मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात रबरी चपला, कानांत केसांचे झुबके.

"बाई," ते म्हणाले, "आजपासून तुम्ही वाळीत. मी तुमच्याशी बोलणार नाही. सांगून टाकलेलं बरं असतं."

मी त्या माणसाशी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. आदल्याच दिवशी ते गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या घरात राहायला आले होते.

"पण मी केलं काय?"

"माझ्या सामानाचा टेम्पो तुमच्या फाटकासमोर उभा होता. तुमच्या आईनं हलवायला लावला."

"मी तेव्हा शाळेत होते."

"घर एकच ना? वाळीत घराला टाकतात. माणसाला नाही."

मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, गुरुवारपर्यंत. तेवढ्यात आतून आई ओरडली, "कोण आहे गं?" मी म्हटलं, नवे शेजारी आहेत, आपल्याशी बोलणार नाहीत म्हणतायत. आई म्हणाली, "बरं. चहा घेतील का विचार."

"घेतो," आप्पा म्हणाले. "अर्धा कप. पण बोलणार नाही."

आणि खरंच ते आत आले, खुर्चीवर बसले, एक शब्द न बोलता चहा प्यायले. मग बोटानं खूण करून पाणी मागितलं. तेही प्यायले, तांब्या रिकामा करून. ते गेल्यावर आई बराच वेळ त्या तांब्याकडे बघत होती. आमच्या दारावर बुद्धाची तसबीर आहे, बाहेर आडनावाची पाटी आहे. गावाकडून आलेली जुनी माणसं ती पाटी वाचतात आणि त्यांना एकदम आठवतं, की आपण नुकतंच पाणी पिऊन निघालोय. "हा माणूस पाटी वाचून आला," आई म्हणाली. "काहून आला असंल?"

मला काहीच कळलं नव्हतं. पुढची दोन वर्षं आप्पांच्या बाबतीत माझी हीच अवस्था राहिली.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात काढलेली. शंभर यंत्रं एकदम खडखडत असताना शेजारच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. खातं सुटलं, आवाज तसाच राहिला. त्यामुळे आप्पांनी कुणाला वाळीत टाकलं, की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना कळायचं. बायको वारलेली, दोन मुली लग्न होऊन नाशिकला आणि धुळ्याला. घरात एकटे. मुली फोन करायला विसरल्या तर त्याही वाळीत. मग आप्पा स्वतःच फोन लावून तसं कळवायचे, आणि त्या निमित्तानं वीस मिनिटं बोलायचे.

त्यांचे शब्दही वेगवेगळे होते, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. अबोला घरच्यांसाठी, एका दिवसाचा. वाळीत शेजाऱ्यांसाठी, आठवड्याच्या आतबाहेर. बहिष्कार मोठ्या गोष्टींवर, म्हणजे पालिकेची बस, टीव्हीवरच्या बातम्या, टोमॅटो. वरच्या मजल्यावरच्या बिहारी भाडेकरूंचं त्यांच्याच भाषेत हुक्का-पानी बंद. ती बिचारी पोरं विचारत यायची, "मॅडम, हुक्का तो हम पीते नहीं, पर पानी तो एक ही टंकी से आता है, अब क्या करें?" आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्या जिग्नेशभाईंना त्यांनी एकदा खास गुजरातीतून नातबहार, म्हणजे जातीबाहेर केलं. जिग्नेशभाई गल्ल्यावरून उठून हात जोडून म्हणाले, "काका, पहेलां नातमां लो तो खरा, पछी बहार काढजो!" आप्पा विचारात पडले. घरी येऊन मला आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले, "बाई, त्यांचं म्हणणं बरोबर शे. आते काय करो?"

मी मराठी शाळेत शिकवते, म्हणून शब्दांच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. "वाळीत म्हणजे पापड वाळत घालतात तसं का, बाई? माणसाला उन्हात ठेवायचं, सुकेपर्यंत?" मी म्हणायचे, तसं नसावं, पण मला नक्की माहीत नाही. "शोधा ना," ते म्हणायचे. मी शोधायचे नाही. चौथीच्या वर्गात माझी मुलं आपसांत 'किट्टा' करतात, गुजराती मुलांकडून शिकलेली. करंगळी दाखवली की किट्टा, दुसऱ्या तासाला 'बुच्चा', मैत्री पूर्ववत. मला वाटायचं, आप्पांचं हे त्यातलंच. म्हातारपणी माणूस चौथीत जातो.

मग एका संध्याकाळी आप्पा कोरा कागद घेऊन आले.

"बाई, एक अर्ज लिहायचाय. शुद्ध मराठीत."

"कुणाला?"

"आमच्या समाजाला. भेस्तानला हॉल आहे ना आमचा, तिथल्या अध्यक्षाला."

"विषय?"

"वाळीत उठवणेबाबत."

मी हसले. "आता तुम्हालाच कुणी टाकलं वाटतं? किती दिवस झाले?"

"बत्तीस वर्षं," आप्पा म्हणाले. हळू आवाजात. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी पेन उचललं.

अर्जात नाव कुणाचं घालायचं विचारलं, तर म्हणाले, "घराचं." कारण काय लिहू, तर म्हणाले, "त्यांना माहीत शे." मग मी आपल्या अंदाजानं एक पानभर लिहून दिलं आणि रविवारी त्यांच्याबरोबर भेस्तानला गेले. आईही आली. तिला हॉल बघायचा होता.

अध्यक्ष हेमंतभाऊ तिशीतला, हसतमुख माणूस होता. साड्यांचा ऑनलाइन धंदा करतो. त्यानं आमच्यासाठी लगेच थंड मागवलं, अर्ज वाचला आणि त्याचं हसू हळूहळू आटलं.

"आप्पा, समाजानं कधीच कुणाला बहिष्कृत केलेलं नाही."

"केलंय ना. मी बसलो होतो तिथं."

"रेकॉर्डला काही नाही. तेव्हाचे पंच सगळे वारले. आता मी उठवतो म्हणून लिहून दिलं, तर टाकलं होतं असं होईल. समाजाची बदनामी होईल."

"मग 'जातीबाहेर' लिहू?" मी विचारलं.

"छे छे, मॅडम."

"'संबंध तोडले होते'?"

"संबंध तुटत नसतात, मॅडम. कमी होतात." त्यानं खूप विचार केला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच मदत करायची होती. शेवटी त्यानं माझ्याच पेनानं विषय खोडून वर लिहिलं, 'संपर्काबाहेर असलेल्या कुटुंबास संपर्कात घेणेबाबत'. "असं चालेल. यावर मी आत्ता सही देतो. व्हॉट्सॲप ग्रुपला पण ॲड करू त्यांना. नंबर द्या."

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"संपर्काबाहेर? मोबाइल शे का ती?"

हेमंतभाऊला फक्त राग ऐकू आला. माझ्या कानात 'ती' राहिलं. आईच्याही. परतताना रिक्षात आईनं सरळ विचारलं, "निंबाभाऊ, ती कोण?"

आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझी बहीण शे. कमल."

मग घरी पोचेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. कमल धाकटी. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. पंच बसले. आप्पांना म्हणाले, बहीण ठेवायची की समाज ठेवायचा ते सांग. आप्पा म्हणाले, समाज. पंच म्हणाले, मग मोठ्यानं म्हण, बहीण मेली. आप्पा म्हणाले.

"लग्न कुणाशी केलं होतं?" आईनं विचारलं.

आप्पांनी सदऱ्याचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "तुमच्यातल्याशी, अक्का."

रिक्षा सिग्नलला उभी होती. आई म्हणाली, "आमच्यात आली म्हणून मेली व्हय?"

आप्पांनी पुन्हा बटणाला हात घातला.

"अन् म्हणून आमच्या शेजारी घर घेतलं?"

"दलालाला मीच सांगितलं होतं, तसं घर बघ म्हणून," आप्पा पुटपुटले. "जरा सवय व्हावी."

"कशाची सवय? चहा प्यायची?"

मग आई जे बोलली ते तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. बुलढाण्याकडच्या आमच्या गावातलं. "तुम्ही लोक वाळीत-वाळीत करता. वाळीत टाकायला माणूस आधी आत लागतो, निंबाभाऊ. आम्ही आत होतो कधी? आमच्यासाठी तो शब्दच नव्हता. गावाबाहेर म्हणजे आमचं घर, बस. तिथून माझा बाप पाण्यासाठी दोन कोस जायचा, त्याला काय म्हणायचं ते तुमच्या समाजाच्या अध्यक्षाला विचारा."

रिक्षावाला आरशातून बघत होता. घर आलं. आई उतरली आणि मागं न बघता आत गेली.

त्या दिवसापासून आईनं आप्पांशी बोलणं बंद केलं. रोज दुपारी त्यांच्याकडे जाणारी भाजीची वाटी बंद. अंगणात ते दिसले की ती आत. आप्पा पहिले दोन दिवस वाट बघत राहिले, तिसऱ्या दिवशी मला फाटकात गाठलं.

"अक्कांचं किती दिवसांचं आहे?"

"मला माहीत नाही, आप्पा."

"शब्द कुठला वापरला? अबोला, का वाळीत?"

"शब्द नाही वापरला. काहीच म्हणाली नाही."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, खोटंच काहीतरी सांगायला हवं होतं. मी आईला म्हटलं, अगं, तू त्यांना एकदा नीट शिव्या तरी दे. आई म्हणाली, "मला त्याचा राग आलाय का स्वतःचा आलाय तेच मला समजंना. रोज चहा पाजला मी त्याला." आणि ती तांदूळ निवडायला बसली. मला तर कुणाची बाजू घ्यायची तेही ठरवता येत नव्हतं. आप्पा दिसले की दया यायची, आणि दया आली की रिक्षातलं आईचं तोंड आठवायचं.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी आप्पा आमच्या पायरीवर येऊन बसले. मी शाळेतून येत होते. मला म्हणाले, "बसा, बाई." आणि माझ्याकडे न बघता सांगू लागले.

"पंचांत मी बोललो त्यानंतर महिन्याभरात भाऊबीज आली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. ती आली. ताट घेऊन. दार वाजवलं. 'दादा, दादा.' मी आत. बायको आत. दोन्ही पोरी आत्या-आत्या करायला लागल्या, तर मी त्यांच्या तोंडावर हात ठेवले, दोघींच्या, दोन हातांनी. अर्धा तास ती उभी होती. खात्यात राहून मला काही ऐकू येत नाही म्हणतात लोक. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या मला." त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मी बाहेर येऊन तोंडावर म्हणालो असतो ना, कमल, तू आम्हाला मेलीस, तरी एक वेळ चाललं असतं. माणसाला कळतं तरी. मी तेवढंही केलं नाही. म्हणून आता मी सांगून टाकतो, बाई. कुणाशी बोलायचं नसलं तर आधी सांगून टाकतो."

 मागं दारात आई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"अर्ज हॉलवर काहून दिला?" ती म्हणाली. अकरा दिवसांनंतरचं आप्पांशी तिचं पहिलं वाक्य. "जिचा आहे तिच्याकडे जायचं."

आप्पा ताडकन उठले. "बारडोलीला राहते. साखर कारखान्याच्या मागं. चार वेळा मी बारडोलीच्या एस.टी. स्टँडपर्यंत गेलोय, अक्का. उसाचा रस पिऊन परत आलोय. ती दार उघडील का?"

"नाही उघडलं तर अर्धा तास उभं राहायचं," आई म्हणाली. "ती राहिली तसं."

आम्ही तिघं रविवारी गेलो. आप्पांनी नवा सदरा घातला होता आणि बसमध्ये ते एकदाही ओरडले नाहीत. बारडोलीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अर्धा तास उभं राहताना पाणी प्यायलं तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. त्यांनी बाटली काढून मांडीवर ठेवली.

उभं राहायची वेळच आली नाही. दार उघडंच होतं. ओसरीवर साठीची एक बाई मेथी निवडत बसली होती. नाक आप्पांसारखं. तिनं मान वर केली, आप्पांकडे बघितलं, हातातली जुडी खाली ठेवली. 

"चपला बाहेर काढ," ती म्हणाली. "फरशी पुसलीय."

आप्पांनी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. आत गेल्यावर खिशातून तो कागद काढला.

"काय आहे?"

"अर्ज."

"कशाचा?"

"तुझं वाळीत उठवायचा. मी पंचांत म्हणालो होतो की तू..." आप्पांनी कागदाची घडी घातली. "मी तुला टाकलं होतं, कमल. सांगितलं नाही तुला. आते सांगतो."

"तू?" कमलताई उभ्या राहिल्या. "तू कोण मला टाकणारा? मीच तुला टाकलं होतं!"

"तू कशी टाकशील? पंच माझ्याकडे बसले होते."

"पंचांचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या पोरी लग्नाच्या व्हायच्या होत्या. मी येत राहिले असते तर त्यांना कुणी केलं असतं का? भाऊबीजेला मी तेच सांगायला आले होते, की दादा, आता मी येणार नाही. तू दारच उघडलं नाहीस."

"मी मुद्दाम नाही उघडलं! मी टाकलं होतं ना तुला!"

"मी आधीच टाकलं होतं. घरातून निघतानाच ठरवून निघाले होते."

"आधी मी! पंच दसऱ्याला बसले होते!"

दोघं असे तावातावानं भांडत होते, की शेजारच्या बायका फाटकाशी आल्या. आई माझ्याकडे बघू लागली आणि मी आईकडे. बत्तीस वर्षं कुणी कुणाला बाहेर ठेवलं होतं, आणि दोघांतलं आत कोण होतं, मला तेव्हाही समजलं नाही आणि अजूनही समजत नाही. कमलताईंचा आवाजही आप्पांच्या तोडीस तोड होता. शेवटी त्यांनाच खोकला आला. आप्पांनी घाईघाईनं बरोबर आणलेली पाण्याची बाटली पुढं केली. त्या प्यायल्या. मग दोघं एकाच पलंगावर, जरा अंतर ठेवून बसले.

"दोन वर्षांपूर्वी हे गेले," कमलताई म्हणाल्या. "कारखान्यातून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत. तुला कळवायचं मनात आलं होतं. पण काय म्हणून कळवू?"

भिंतीवर फोटो होता. चष्मा, पांढरे केस, कारखान्याच्या निरोप समारंभातला असावा, हातात शाल-श्रीफळ. आप्पा उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले.  स्वयंपाकघरात जायला उठलेली आई तिथंच थांबली.

"कमल," आप्पा म्हणाले, "पाहुण्यांचं नाव काय होतं गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कमलताईंनाही तसंच वाटलं असावं.

"पंचांत कुणी नाव घेतलंच नाही," आप्पा फोटोकडे बघतच म्हणाले. "जातच घेत होते. मीही विचारलं नाही."

कमलताईंनी पदरानं तोंड पुसलं. "प्रल्हाद," त्या म्हणाल्या.

आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग हात जोडले.

"प्रल्हाद," ते फोटोला म्हणाले, "मी निंबा. कमलचा भाऊ."